लेमा तीन

बच्छाव सर माझ्याकडे पहिल्यांदा आले ते नाशकातल्या शालिमारच्या एका टायपिंगवाल्याला कंटाळून. त्या भल्या माणसानं सरांच्या लेखात जिथं जिथं ग्रीक अक्षर होतं, तिथं तिथं आपल्या मनानं जवळपासचं इंग्रजी अक्षर ठोकून दिलं होतं. सरांनी मला ते कागद दाखवले, पण त्याला नावं ठेवली नाहीत. म्हणाले, "त्यांनी मदत म्हणूनच केलं. फक्त आता माझ्या प्रमेयाचा अर्थ असा झालाय की कुठलीही गोष्ट कुठल्याही गोष्टीएवढी असते." मग जरा अवघडून विचारलं, "ताई, तुम्हाला रिकामी जागा टाइप करता येते का?"

ही नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. रविवार कारंज्यावर एका औषधांच्या दुकानावरच्या खोलीत माझं टायपिंगचं काम चालायचं. कोर्टाचे अर्ज, सोसायट्यांचे अहवाल, असलं काहीबाही. गणित कधी केलं नव्हतं. सरांनी शिकवलं. साध्या चिन्हाला स्पेसबारच्या तीन टिचक्या, चिन्हाच्या डोक्यावर किंवा पायाशी आणखी काही बारकं लटकत असेल तर पाच. पान झालं की ते खिडकीपाशी स्टुलावर बसत आणि बारीक टोकाच्या काळ्या शाईच्या पेनानं त्या जागा भरत. स्वतःच्या लेखात भरत, तशाच विद्यार्थ्यांच्या प्रबंधातही. "मुलांचे हात घाईचे असतात," म्हणायचे. अशा कितीतरी दुपारी आम्ही काढल्या. मी शब्द बडवायची, ते मधले खड्डे बुजवायचे, आणि त्या सगळ्याचा अर्थ फक्त त्यांना ठाऊक असायचा.

सर मूळचे सटाण्याकडचे. नाशकात कॉलेजात शिकवायला येऊन पंधरा-वीस वर्षं झाली होती, त्यामुळे बोलणं शहरी झालं होतं. उंच, जरासे वाकलेले, शर्टाचा खिसा कायम फुगलेला. खिशात बसची तिकिटं, आणि तिकिटांच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरात गणित. खोडरबर त्यांना सोसत नसे. चुकलं की त्यावर एकच आडवी रेघ, खालचं अक्षर दिसेल अशी. मी एकदा पांढऱ्या शाईनं चूक झाकली तर हळहळले. "चूक वाचता आली पाहिजे हो," म्हणाले. मी म्हटलं, कोर्टात असं चालत नाही. ते म्हणाले, "म्हणून तिथं निकाल बदलतात."

त्यांचा एक शब्द होता, 'कशावरून?' वाद घालायला नव्हे, खरंच जाणून घ्यायला. सहाची बस सहाला येते म्हटलं तरी 'कशावरून?' शेजारचा मुलगा हुशार आहे म्हटलं तरी 'कशावरून?' त्यांच्या पत्नी एकदा माझ्याकडे कसला तरी कागद न्यायला आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "आमच्या घरात चहा मागायचा तर आधी तहान सिद्ध करावी लागते." पण त्या म्हणाल्या ते कौतुकानंच.

या शब्दाचा सर्वांत वाईट किस्सा रामकुंडावरचा. सरांची आई गेली, दहाव्याला पिंड ठेवले, आणि कावळा काही शिवेना. गुरुजी म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिलीय मातोश्रींची." सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कशावरून?" सगळे नातेवाईक त्यांच्याकडे बघत राहिले. सरांनी लगेच गुरुजींची हात जोडून माफी मागितली आणि दुपारी बारापर्यंत उन्हात तसेच बसून राहिले. शेवटी कावळा आला. मला हे सांगताना म्हणाले, "ताई, कावळा आला म्हणून इच्छा पुरी झाली असं धरता येत नाही. आणि नाही झाली असंही नाही. तिलाच विचारता आलं असतं तर बरं झालं असतं." त्या दिवशी त्यांनी एकही जागा भरली नाही, नुसते खिडकीशी बसले होते.

माझा नवरा सातपूरला एका कारखान्यात मशीन चालवायचा, ऑपरेटर. सर ऑपरेटरांवर संशोधन करतात असं मी घरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग आमच्या ओव्हरटाइमचंही बघा म्हणावं." हे सरांना सांगितलं तर ते हसले, आणि पेन बंद करून मला समजवायलाच बसले.

"फोडणी करता ना? आधी तेल तापवायचं, मग मोहरी. उलट केलं तर?"

"घरचे जेवायचे नाहीत."

"आणि सरबतात आधी मीठ घातलं काय, आधी साखर घातली काय?"

"काही फरक नाही."

"म्हणजे मिठाचं नि साखरेचं पटतं. आमचे ऑपरेटर म्हणजे अशाच क्रिया. काहींचं आपसात पटतं, बहुतेकांचं नाही. आता त्यातलं एक शिस्तीचं टोळकं घ्या. त्या टोळक्यातल्या प्रत्येकाशी ज्यांचं पटतं, त्या सगळ्यांना एका खोलीत बसवा. मग या खोलीतल्या प्रत्येकाशी ज्यांचं पटतं, त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. दुसऱ्या खोलीत कोण असेल?"

मी विचार करून म्हटलं, "पहिलं टोळकं."

"शाब्बास. आणि त्यांच्याबरोबर आणखी थोडे. ते थोडे कोण? तर टोळक्यातून चालत चालत ज्यांच्या हवं तेवढं जवळ जाता येतं, तेच. त्याबाहेरचा एकही नाही." असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मी काहीतरी बोलायला हवं. मी म्हटलं, छान आहे. ते म्हणाले, "छान? ताई, हे कळलं त्या दिवशी मी कॉलेजातून घरापर्यंत चालत गेलो आणि सायकल तिथंच विसरलो."

हे प्रमेय सरांचं नव्हे. ते जुनं, परदेशातलं, जगभर शिकवलं जाणारं. पण ते मर्यादेत राहणाऱ्या ऑपरेटरांचं होतं. ज्यांच्या ताकदीला मर्यादाच नाही अशांच्या एका जातीलाही ते लागू पडतं, असं सरांनी दाखवलं होतं. त्याच्या मुळाशी होता त्यांचा लेमा तीन. लेमा म्हणजे मोठं प्रमेय उभं करण्याआधी सिद्ध करून ठेवायचं लहान विधान, घराच्या जोत्यासारखं. तो लेख मीच टाइप केला. तो बाहेरच्या एका नियतकालिकात छापून आला आणि त्याच्या सुट्या प्रती टपालानं आल्या, तेव्हा सरांनी एक मला आणून दिली. शेवटी आभारांत माझं नाव होतं. माझ्या सासूबाईंनी ते पान देवापुढे ठेवलं. सरांच्या स्टाफरूममध्ये मात्र एका प्रतीवर चहाचा कप ठेवलेला मी स्वतः पाहिला.

आता सुरेखाबद्दल सांगायला हवं, कारण सरांची गोष्ट तिच्यावाचून पुढे जात नाही. मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची मुलगी. सकाळी भावाबरोबर झेंडू-शेवंतीच्या पाट्या बाजारात पोचवून मग एका खाजगी कॉलेजात गणित शिकवायची. नेमणूक वर्षावर्षाची. पीएच.डी. झाली की कायम करू, असं तिथल्या संस्थेनं सांगितलं होतं. सरांकडे ती सहा वर्षं काम करत होती. या सहा वर्षांत घरच्यांनी आणलेली सगळी स्थळं तिनं एकेक करून परतवली. "एकदा नावामागे डॉक्टर लागलं की घरचे आपोआप गप्प बसतील," असं मला म्हणाली होती. बोलायची थोडं, पण सरांशी बोलताना तिचा आवाज मोकळा व्हायचा. दोघं एखाद्या पानावर अशी भांडायची की खालचे औषधवाले वर डोकावून जायचे.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिचा प्रबंध माझ्याकडे आला. संस्थेनं त्या वर्षापर्यंतची मुदत घातली होती. सगळा प्रबंध सरांच्या निकालावर उभा. 'बाय लेमा थ्री' हे शब्द मी इतक्या वेळा टाइप केले की घरी भाजी निवडतानाही तोंडात यायचे. सुरुवातीला तिनं रीतीप्रमाणे लेमा आणि त्याची सिद्धता पुन्हा लिहून काढली होती. सर नेहमीसारखे स्टुलावर बसून जागा भरत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी एका पानावर त्यांचं पेन थांबलं. मला वाटलं शाई संपली. वळून पाहिलं तर ते एका रिकाम्या जागेवर पेन धरून बसले होते. मी चहा सांगितला, तो आला, गार झाला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पान तसंच सोडून जिना उतरून गेले.

दोन दिवसांनी आले ते दाढी न करता. मी विचारलं, काय झालं. त्यांनी मला जसं सांगितलं तसंच सांगते. "दोन गोष्टी आपापल्या मुक्कामाकडे सरकताहेत. एक धरून ठेवली आणि दुसरी सरकवली, तर त्यांचा गुणाकारही मुक्कामाला पोचतो. दोन्ही एकदम सरकवायच्या असतील तर मर्यादा लागते. जन्मभर मी मर्यादा असलेल्यांत वावरलो. इथं मर्यादा काढून टाकली, आणि हात सवयीनं दोन्ही एकदम सरकवून बसला. दरवर्षी वर्गात सांगतो ताई, ही चूक करू नका म्हणून."

मी म्हटलं, "बाहेरच्या लोकांनी तपासून छापलंय ना?"

"त्यांचेही हात माझ्यासारखेच."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि आजही सांगेन, की गप्प बसा. पोरीचं आधी होऊन जाऊ द्या, मग तुमची दुरुस्ती निवांत करा. या विषयाचं वाचणारे देशात किती असतील? सर म्हणाले, "ती सही करून देणार, हे खरं आहे म्हणून. तिला माहीत नसताना मी कशी करू देऊ?" मला त्यांचा तेव्हा फार राग आला होता. अजून पुरता गेलेला नाही.

सुरेखाला त्यांनी माझ्याच खोलीत सांगितलं. ती ते पान हातात घेऊन उभ्यानंच वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाहेरच्या परीक्षकांना कळेल?"

"बहुतेक नाही."

"मग?"

"मला सही करता येणार नाही, सुरेखा."

तिनं पान टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "चूक तुमची, आणि वर्षं माझी." आवाज चढवला नाही तिनं. सरांनी मान खाली घातली. "मनी चूक शे," माझी चूक आहे, एवढंच म्हणाले. दुःख झालं की त्यांची अहिराणी अशी वर यायची. त्यांनी तीन महिने मागितले. तेवढ्यात लेमा दुरुस्त करतो म्हणाले. सुरेखा पानं गोळा करून गेली.

तीन महिन्यांचं वर्ष झालं. मुदत टळली आणि तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. सर रोज कॉलेज सुटलं की माझ्याकडे येऊन बसायचे. घरी बायकोच्या डोळ्यांसमोर त्यांना काम होत नसे. तिकिटांच्या पाठी पुरेनात म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद आणायचे. कागदांवर नुसत्या आडव्या रेघा. अंगावरचे कपडे सैल झाले. आणि एके दिवशी ते म्हणाले, "सापडलं." मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठले. ते म्हणाले, "बसा ताई. उदाहरण सापडलं. लेमा खोटा आहे. सिद्धता चुकली एवढंच असतं तर दुसरी शोधली असती. विधानच खोटं आहे."

मग त्यांनी त्या नियतकालिकाला पाठवायला एका पानाची दुरुस्ती लिहिली. ती मी टाइप केली, जागा त्यांनी भरल्या. चूक केवळ लेखकाची असून त्यावर विसंबून काम करणाऱ्यांची तो क्षमा मागतो, असं शेवटचं वाक्य होतं. ते वाक्य नियतकालिकवाल्यांनी छापताना गाळलं. कॉलेजात लोक म्हणाले, एवढं काय होतं त्यात, स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव घालवलं. सरांनी त्यानंतर पीएच.डी.ला एकही विद्यार्थी घेतला नाही.

पुढे माझ्याकडे कॉम्प्युटर आला. चिन्हं आता मलाच काढता येऊ लागली आणि स्टुलाचं काम संपलं. सर निवृत्त झाले. हात थरथरू लागला होता. अधूनमधून जिना चढून यायचे, धाप लागायची, पाणी प्यायचे आणि जायचे. दोन हजार चारच्या गणपतीनंतर आले ते कागदांचा गठ्ठा घेऊन. मर्यादा परत घातली तर सुरेखाच्या प्रबंधातली दोन प्रकरणं उभी राहतात, असं त्यांना आढळलं होतं. त्यासाठी पाया नव्यानं घालावा लागला. पाच वर्षं ते हेच करत होते, आणि मला पत्ता नव्हता. वरती नाव एकटीचं, सुरेखाचं. "पुन्हा नोंदणी करता येते. मी चौकशी केलीय," म्हणाले. टायपिंग झाल्यावर मला म्हणाले, "ताई, तुम्ही बरोबर चला. मी एकटा गेलो तर ती बाहेर यायची नाही."

दसऱ्याला चार दिवस होते. मखमलाबादला त्यांच्या अंगणात झेंडूचे ढीग लागले होते आणि बायका माळा ओवत बसल्या होत्या. तिचे वडील आण्णा पुढे आले. "या सर, लय दिसांनी," म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या देता देता हळू आवाजात, "ती आता बरी हाय. पुन्हा काय डोक्यात घालू नका तिच्या." सरांनी तांब्या तसाच हातात धरून ठेवला.

सुरेखा बाहेर आली. केस कानांपाशी पिकले होते. लग्न केलं नव्हतं. दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि फुलांचं बघायची. तिनं आम्हाला नमस्कार केला, सरांच्या हातातून गठ्ठा घेतला आणि ओट्यावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागली. मधे कुणीतरी गोणपाट मागायला आलं, तिनं बोटानंच दाखवलं. तास-दीड तास गेला असेल. सर समोरच्या खाटेवर टेकले होते, परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरासारखे. एका ठिकाणी ती थांबली, दोन पानं मागे गेली, परत पुढे आली. आत जाऊन पेन्सिल आणली आणि तिथं काहीतरी बारीक लिहिलं.

"इथं एक अट राहिली होती," ती म्हणाली. "बाकी बरोबर आहे, सर."

सरांनी ते पान जवळ धरून पाहिलं, मान हलवली.

"पण यावर माझं नाव नको," ती म्हणाली. "यातली एकही ओळ माझी नाही."

"प्रश्न तुझे होते."

"प्रश्न पण तुम्हीच दिले होते."

मग ती म्हणाली, "तुमचं नाव घाला." ते म्हणाले, "ते मला जमणार नाही." तिनं गठ्ठा सारखा करून त्यांच्या मांडीवर ठेवला, आमच्यासाठी चहा टाकायला सांगितला, आणि ढिगापाशी जाऊन इतर बायकांबरोबर माळ ओवायला बसली. आम्ही चहा घेतला. निघताना तिनं सरांच्या पायाला हात लावला. सरांचा हात तिच्या डोक्यावर गेला नाही, मधेच थांबला.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. सर खिडकीशी बसले, गठ्ठा मांडीवर. वाटेत मी दोनदा काहीतरी बोलायला गेले, त्यांचं लक्ष नव्हतं. ते त्या एकाच पानाकडे बघत होते, तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं त्याकडे. नंतर हिवाळ्यात सर वारले, तेव्हा मी गावात नव्हते, म्हणून मला आठवतात ते त्या बसमधले. उतरायच्या आधी मी म्हटलं, जाऊ द्या सर, तुम्ही तुमच्याकडून केलंत. ते माझ्याकडे वळले. डोळे भरले होते.

"दीड वर्ष मी हे पान तपासत होतो, ताई," ते म्हणाले. "ही अट मला दिसली नव्हती. तिनं ओट्यावर बसून पकडली. तिला अजून सगळं येतं."